डाय लावला, डोळे सुजले आणि वर बदनामीची नोटीस!

प्रश्न : माझं वय ४३. गेली बारा वर्षं मी एकाच दुकानात केस कापून घेतो. मालक स्वतः कात्री धरायचे तेव्हा खुर्चीत बसल्यावर काही सांगावंच लागत नसे. माझा डावीकडचा भोवरासुद्धा त्यांना पाठ होता. दोन वर्षांपूर्वी दुकान वाढलं, खुर्च्या वाढल्या, कामाला नवी मुलं आली. गेल्या महिन्यात घरच्या कार्यक्रमाआधी डाय लावायला गेलो. मुलाने विचारलं, "आधी लावलाय ना? मग काही होत नाही." मी हो म्हणालो. त्याने आतून वाटीत कालवून आणलेला डाय लावला. रात्री टाळू भगभगायला लागली आणि सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. नऊ दिवस कामावर जाता आलं नाही. मालक म्हणाले, "तुमच्या अंगातच अ‍ॅलर्जी, त्याला आम्ही काय करणार? भिंतीवर पाटी आहे." पाटीवर लिहिलंय की डायमुळे त्रास झाल्यास दुकान जबाबदार नाही. डायचे पैसे मात्र त्यांनी मोबाइलवर परत पाठवले. रागाच्या भरात मी गूगलवर लिहिलं की हे लोक ग्राहकांना विष लावतात, आंधळं करतात, आणि त्या मुलाचा फोटोही टाकला. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आलीय : सात दिवसांत माफी मागा, पाच लाख भरा, नाहीतर फौजदारी. चूक त्यांची आणि आरोपी मी? काय करू?

उत्तर : आधी नोटिशीचं बघू, कारण तुमची झोप तिने उडवली आहे. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. सात दिवस हा त्यांनी घातलेला आकडा आहे, कायद्याने नव्हे. तरी उत्तर द्यायचंच. नोटीस टेबलावर पडून राहिली की पुढे समोरचा वकील "यांनी साधं उत्तरसुद्धा दिलं नाही" हे वाक्य हमखास वापरतो. मीही वापरतो.

बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३५६ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण या गुन्ह्यात पोलीस थेट येऊन अटक करत नाहीत. मालकांना स्वतः दंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार करावी लागेल आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखल घेण्याआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. शिवाय खरी गोष्ट लोकहितासाठी सांगितली तर ती बदनामी होत नाही, हा त्या कलमाचा पहिलाच अपवाद आहे.

आता तुमचं काय चुकलं ते. "डाय लावला, दुसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या, डॉक्टरांकडे जावं लागलं, आधी त्वचेवर थोडा डाय लावून बघायची चाचणी केली नव्हती" हे खरं आहे आणि तुम्ही ते कागदानिशी दाखवू शकता. "विष लावतात" कसं दाखवणार? "आंधळं करतात" तर नाहीच. तुमचे डोळे उघडले, म्हणून तर हे पत्र लिहिलंत. चिडलेल्या माणसाच्या तोंडून असे शब्द जातात हे मला कळतं, पण कोर्टात शब्द एकेकटे उचलून पाहतात. तेव्हा आजच्या आज त्या मजकुराचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मग तो दुरुस्त करा. पूर्ण काढू नका. घडलं तेवढंच, तारखेसह, विशेषणं गाळून लिहा. मुलाचा फोटो मात्र लगेच काढा. तुमची तक्रार दुकानाशी आहे. टक्क्यावर काम करणाऱ्या पोराचा चेहरा चव्हाट्यावर मांडून तुमच्या हाती काही लागणार नाही, उलट समोरच्याला आयता मुद्दा मिळेल.

आता मुख्य गोष्ट. दुकानाचं म्हणणं दोन वाक्यांत आहे : अ‍ॅलर्जी तुमची, आणि आधी लावला तेव्हा काही झालं नव्हतं. दोन्हींचं उत्तर डायच्या खोक्यातल्या कागदावर छापलेलं आहे, जो खोका उघडला की बहुतेक ठिकाणी थेट कचऱ्यात जातो.

काळ्या डायमध्ये बहुधा पॅराफेनिलीनडायअमाइन नावाचं रसायन असतं; पीपीडी म्हणतात ते हेच. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० मध्ये अशा डायवर काय छापायचं हे ठरवून दिलं आहे. इंग्रजीत आणि स्थानिक भाषेतही. कानामागची किंवा हाताच्या आतल्या बाजूची थोडीशी जागा साबणाने किंवा अल्कोहोलने पुसायची, लावायचा असेल तसा कालवलेला डाय तिथे थोडा लावून वाळू द्यायचा, २४ तासांनी हलकेच धुवायचा, आणि आग किंवा सूज दिसली नाही तरच पुढे जायचं. ही चाचणी प्रत्येक वेळी, दर खेपेला डाय लावण्याआधी करायची, असं त्यात स्पष्ट आहे. भुवया आणि पापण्यांना तर हा डाय लावूच नये, दृष्टीला धोका आहे, असंही.

म्हणजे त्या मुलाने विचारलेला प्रश्न हीच चूक. "आधी लावलाय ना?" हा चाचणीला पर्याय नाही. वैद्यकीयदृष्ट्याही दुकानाचं म्हणणं उलटं आहे : पीपीडीची अ‍ॅलर्जी अनेकदा वारंवार संपर्कानेच तयार होते. चार वेळा काही झालं नाही, पाचव्यांदा तोंड सुजलं, हे डॉक्टरांना अजिबात नवल वाटणारं नाही. तुमच्या त्वचेच्या डॉक्टरांकडून तसं लेखी घ्या. सूज पूर्ण उतरल्यावर, ते म्हणतील तेव्हा, पॅच टेस्टही (रसायन त्वचेवर चिकटवून अ‍ॅलर्जी तपासतात ती) करून घ्या. त्यातून तुम्हाला पीपीडीची अ‍ॅलर्जी आहे असं निघेल, आणि मालक म्हणतील, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? म्हणू द्या. अ‍ॅलर्जी असणं हा तुमचा दोष नाही. ती आहे की नाही हे पाहण्याची पायरी गाळणं ही सेवेतली त्रुटी आहे.

पाटीबद्दल मला थोडी गंमत वाटते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये निष्काळजीपणाची गणना सेवेतल्या त्रुटीत केली आहे. भिंतीवर एकतर्फी टांगलेल्या ओळीने ती जबाबदारी झटकता येते असं मी तरी मानत नाही. पण पाटीचा फोटो काढून ठेवा, कारण ती तुमच्याच कामाची आहे. डायने त्रास होऊ शकतो हे दुकानाला माहीत होतं, इतकं माहीत होतं की त्यांनी रंगवून घेतलं! धोका ठाऊक असूनही २४ तासांची चाचणी का केली नाही, हा प्रश्न त्या पाटीनेच उभा केला आहे.

"मुलाने केलं, मी नाही," असं मालक म्हणाले तर तेही टिकायचं नाही. कामाच्या ओघात नोकराने केलेल्या निष्काळजीपणाला मालक जबाबदार असतो. मुलगा पगारावर होता की टक्क्यावर, हा त्यांच्यातला हिशेब. तुम्ही पैसे दुकानाला दिले.

आणि पैसे परत आले म्हणून प्रकरण मिटलं का? "माझी काही तक्रार नाही" असं लिहून किंवा मेसेज करून दिलं असेल तर अडचण आहे, तो मेसेज मला आधी दाखवा. नुसते पैसे खात्यात आले असतील तर ती फार तर डायच्या किमतीची परतफेड झाली. डॉक्टर, औषधं आणि बुडालेले नऊ दिवस त्यात येत नाहीत. उलट तुम्हाला पावती मिळाली नव्हती ना? मग आलेल्या आणि गेलेल्या पैशांच्या त्या दोन नोंदीच तुम्ही तिथे पैसे देऊन सेवा घेतली याचा पुरावा. (पावती न देणं हीसुद्धा कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेली आहे.)

तुमची कच्ची बाजूही सांगतो. कोणता डाय होता हे तुम्हाला माहीत नाही. तो वाटीतून आला. म्हणून नोटिशीच्या उत्तरातच मागणी करा : त्या दिवशी वापरलेल्या डायचं नाव, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि खरेदीचं बिल द्या. दिलं तर त्या बॅचवरची छापील सूचना हाती येते. नाही दिलं तर का लपवलं, हे त्यांना सांगावं लागेल. डाय बनवणाऱ्या कंपनीच्या मागे लागण्यात मला अर्थ दिसत नाही. तिने इशारा छापला असेल तर ती हात वर करेल. दुसरी कच्ची बाजू अशी की तुम्ही "हो" म्हणालात, घाईत होतात, आदल्या दिवशी चाचणीला या म्हटलं असतं तर आला असतात का, असं विचारलं जाईल. खरं उत्तर द्या. न आला असतात तरी "मग लावत नाही" म्हणणं त्यांच्या हातात होतं.

पाच लाखांना पाच लाखांनी उत्तर देऊ नका. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमधला २०१८ चा खटला तुमच्या कानावर असेल : सांगितल्यापेक्षा केस फार आखूड कापले म्हणून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये दोन कोटींची भरपाई दिली. त्याची फार चर्चा झाली आणि तेव्हापासून माझ्याकडे बिघडलेली कटिंग घेऊन येणारा प्रत्येक जण मनात कोटीच धरून येतो. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आकडा रद्द करून प्रकरण परत पाठवलं. त्रुटी झाली हा निष्कर्ष तसाच ठेवला. भरपाई मात्र पुराव्यावर ठरवा, मनाला येईल तशी नाही, असं सांगितलं. म्हणून तुम्ही डॉक्टरांची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, सुजलेल्या चेहऱ्याचे तारीखवार फोटो, नऊ दिवसांच्या रजेचं किंवा कापलेल्या पगाराचं पत्र यांची बेरीज करा आणि मानसिक त्रास व खर्चासाठी एक रास्त रक्कम त्यात घाला.

तक्रार तुमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात. तिथे दाव्याची नव्हे, तुम्ही मोजलेल्या मोबदल्याची रक्कम पाहतात. ५० लाखांपर्यंतचा मोबदला जिल्हा आयोगाकडे आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षं. वकील लावण्याची सक्ती नाही (हे लिहिताना माझा व्यवसाय माझ्याकडे रोखून बघतोय). त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवून बघा, कधीकधी तेवढ्यानेही काम होतं. आयोगाची नोटीस गेल्यावर दुकानाला उत्तरासाठी ३० आणि वाढीव १५ असे ४५ दिवस मिळतात. त्यापुढे सूट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी मार्च २०२० मध्ये पक्कं केलं आहे.

निष्काळजीपणाने इजा केल्याचं फौजदारी कलम, न्याय संहितेतलं १२५, हेही तुमच्या हाताशी आहे. माझा सल्ला, ते वापरू नका. त्यात आरोपी होईल तो डाय लावणारा मुलगा. ज्याला चाचणी करायची असते हे कुणी शिकवलंच नाही, त्याला पोलीस ठाण्याची पायरी दाखवून तुमची औषधाची बिलं वसूल होणार नाहीत.

उत्तरात मालकांना मध्यस्थीची तयारी कळवा. आयोगापुढेही पहिल्याच टप्प्यावर दोघांच्या संमतीने तशी सोय आहे. बारा वर्षं ज्यांनी तुमचा भोवरा सांभाळला, त्यांच्याशी समोरासमोर बसून बोलणं जमेल असं तुमच्या पत्रावरून वाटतं. नाहीतर दोन्हीकडचे वकील मिळून तुम्हा दोघांचीही बिनपाण्याने करतील. बसाल तेव्हा कागदावर चार गोष्टी येऊ द्या : उपचाराचा खर्च आणि बुडालेला पगार ते देतील, चाचणीशिवाय दुकानात कुणालाही डाय लावणार नाहीत, ते बदनामीची नोटीस मागे घेतील, आणि तुम्ही दुरुस्त केलेल्या मजकुराखाली "दुकानाने जबाबदारी घेतली" अशी एक ओळ जोडाल. सही दोघांची, तारीख घालून, आणि पैसे हातात पडल्यावर.