सोर्स नसलेलं लोड मॉड्यूल : ऑनलाइन की बॅच?

मुंबई

प्रिय मित्रा,

सीप्झमध्ये रुजू झाल्याझाल्या मेनफ्रेमवरच्या, सोर्स (मूळ कोड) हरवून फक्त लोड मॉड्यूल (चालवायचं तयार रूप) उरलेल्या प्रोग्रामांची यादी तुझ्या गळ्यात पडली आणि प्रत्येकापुढे ‘ऑनलाइन’ (स्क्रीनवरच्या कामासाठी लगेच चालणारा) की ‘बॅच’ (जॉब म्हणून एकगठ्ठा चालणारा) एवढंच भरायचंय, असं कळवलंस. आधी त्या रकान्यात तिसरा पर्याय घालून घे : ‘दोन्हीकडे’. तो नसला की माणूस अंदाजाने काहीतरी भरतो आणि मायग्रेशनच्या रात्री ते अंगाशी येतं.

प्रोग्रामच्या नावावर किंवा लायब्ररीवर विसंबू नकोस. मॉड्यूल उघडून बघ. मॉड्यूलची आतली रचना छापणारी एएमबीलिस्ट ही युटिलिटी चालव, सिसलिब या डीडीला (जॉबमध्ये फाइल जोडायच्या नावाला) लोड लायब्ररी दे आणि सिसइनमध्ये लिस्टलोड, आउटपुट=एक्सरेफ, मेंबर=प्रोग्रामचं नाव असं लिही. पहिला कॉलम मात्र रिकामा ठेव, नाहीतर तिथला शब्द लेबल धरला जातो.

छापून आलेल्या सीसेक्टांत (मॉड्यूल ज्यांचं बनलंय त्या तुकड्यांत) डीएफएचईसीआय किंवा डीएफएचईएलआयआय दिसला, तर तो सीआयसीएसचा, म्हणजे ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, स्टब (त्याच्याशी जोडणारा छोटा दुवा). तेवढ्यावर थांबू नकोस. पुष्कळ ठिकाणी एकच लिंक प्रोसीजर सगळ्यांना वापरतात, त्यामुळे गरज नसताना स्टब चिकटून येतो. खाली क्रॉस-रेफरन्समध्ये बघ : प्रोग्रामच्या स्वतःच्या सीसेक्टकडून डीएफएचईआय१ ला संदर्भ जातोय का? जात असेल तर एक्झेक सीआयसीएस कमांड खरोखर आहेत. कोणत्या, ते डीएफएचईआयएसयूपी हा सीआयसीएससोबत येणारा स्कॅनर सांगतो. सेंड मॅप, रिसीव्ह मॅप निघाले तर स्क्रीनचा प्रोग्राम. नुसतं लिंक आणि रिटर्न असेल तर स्क्रीनमागचा. दोन्ही ऑनलाइनच.

नावात डीएफएच दिसलं की ऑनलाइन, हे समीकरण मात्र मनातून काढ. डीएफएचएक्ससीएसटीबी हा स्टब बॅच जॉबमधून सीआयसीएसला हाक मारणाऱ्या प्रोग्रामात असतो. नवीन लोक इथेच हमखास फसतात.

डीबी२ या डेटाबेसच्या स्टबचं सोपं आहे. डीएसएनईएलआय असेल तर टीएसओखालून (मेनफ्रेमवर कमांड चालवणाऱ्या यंत्रणेखालून) चालणारं बॅच, डीएसएनसीएलआय असेल तर सीआयसीएस. डीएसएनयूएलआय मात्र दोन्हीकडे चालतो, त्यावरून काहीच ठरवू नकोस. आयएमएस या दुसऱ्या डेटाबेस आणि व्यवहार यंत्रणेचा डीएफएसएलआय०००ही तसाच. तिथे सिसजेनमधल्या (यंत्रणेच्या मांडणीतल्या) ॲप्लिकेशन मॅक्रोत पीजीएमटाइप टीपी (ऑनलाइन) आहे की बॅच, ते बघावं लागतं.

खरी डोकेदुखी स्टबच नसलेल्या मॉड्यूलांची. व्याज मोजणारा सबप्रोग्राम घे. त्यात ना फाइल, ना एसक्यूएल, ना सीआयसीएस. काउंटरवरचा स्क्रीन त्याला डायनॅमिक कॉलने, म्हणजे चालू असतानाच नावाने, बोलावतो आणि रात्रीचा व्याजाचा जॉबही. स्टब नाही म्हणून त्याला बॅच ठरवलंस तर दिवसा काउंटर अडेल. अशांचं नाव इतर मॉड्यूलांच्या आत शोध. कॉल लिटरलने (कोडात थेट लिहिलेल्या नावाने) असेल तर ब्राउझमध्ये फाइंड दिल्यावर अक्षरं सरळ दिसतात. नाव व्हेरिएबलमधून येत असेल तर पॅरामीटर फाइली आणि टेबलंही चाळावी लागतील. उलट, सीआयसीएसचा संदर्भ नाही आणि आत डीडी नावं दिसतायत, तर बॅच म्हणायला हरकत नाही.

मग बाहेरून पडताळा घे. सीएसडीत (सीआयसीएसच्या व्याख्यांच्या फाइलीत) नाव नाही म्हणून ऑनलाइन नाही असं नसतं, कारण प्रोग्राम ऑटोइन्स्टॉलही होतात, म्हणजे वापरताना आपोआप नोंदले जातात. जेसीएलमध्ये (जॉब लिहायच्या भाषेत) फक्त ‘एक्झेक पीजीएम’ शोधलंस तर डीबी२ चे बॅच प्रोग्राम निसटतील. तिथे पीजीएमला आयकेजेईएफटी०१ (टीएसओ सुरू करणारा प्रोग्राम) असतं आणि खरं नाव सिसटीएसइनमधल्या रन प्रोग्राममध्ये. एसएमएफ ३० च्या (चाललेल्या जॉबांच्या) नोंदींतही तेच आयकेजेईएफटी०१ दिसेल. या नोंदी किमान तेरा महिन्यांच्या माग. तीन महिन्यांच्या घेतल्यास तर ३१ मार्चला वर्षातून एकदाच धावणारे जॉब ‘न वापरलेले’ म्हणून कटतील.

आधी पन्नास मॉड्यूलांचे एक्सरेफ काढ. जिथे अडशील तिथे मेंबरचं नाव आणि तो सीसेक्ट मला लिहून पाठव.

तुझा,
मार्गदर्शक