पाऊस मुंबईत पडला, मग नकाशात कुठे गेला?

प्रश्न: सर, मी डोंबिवलीला राहतो, एमएस्सीच्या प्रोजेक्टला जुलै २००५ च्या पावसाचा डेटा घेतलाय. सीनियरच्या जुन्या फोरट्रान प्रोग्रामने तो बायनरी फाइलमध्ये टाकलाय, ६० रेखांश, ४० अक्षांश, ३१ दिवस अशा ॲरेत, म्हणजे आकड्यांच्या तीन बाजूंच्या तक्त्यात. पायथनमध्ये नमपायने (आकडेमोडीची लायब्ररी) वाचला, ७४,४०० आकडे बरोबर आले, रीशेप केलं, म्हणजे त्या रांगेला आकार दिला ६०, ४०, ३१, एरर नाही काही नाही, पण २६ जुलैचा नकाशा काढला तर नुसती खिचडी. गाइड म्हणतात डेटाच खराब आहे. खरंच का?

उत्तर: डेटाला काही झालेलं नाही रे, वाचायचा क्रम उलटा झालाय. चाळीतला पोस्टमन घे. एक जण एका मजल्यावरच्या सगळ्या खोल्या उरकतो आणि मग जिना चढतो, दुसरा प्रत्येक मजल्यावरची पहिली खोली करत वर जातो आणि मग परत खाली येऊन दुसरी. पत्रं तीच, गठ्ठा वेगळा लावलेला. फोरट्रानमध्ये पहिला इंडेक्स, म्हणजे जागेचा पहिला क्रमांक, इथे रेखांशाचा, सगळ्यात भरभर पळतो, म्हणजे तुझ्या फाइलमध्ये पहिल्या दिवसाचे २,४०० आकडे सलग, मग दुसऱ्या दिवसाचे, असं. नमपाय मात्र वेगळं सांगितलं नाही तर शेवटचा इंडेक्स पळवतो. त्यामुळे तुझ्या ‘२६ जुलै’त फाइलमधला दर ३१ वा आकडा उचलला गेला, प्रत्येक दिवसाचे साधारण ७७ ठिपके, झाली भेळ. आणि एरर कशाला येईल, गुणाकार ७४,४०० च होतोय ना!

एकतर रीशेपमध्ये ऑर्डर ‘एफ’ दे, म्हणजे फोरट्रानचा क्रम, नाहीतर आकार उलटा लिही, ३१, ४०, ६०. मला दुसरं आवडतं, दिवस पुढे आला की एकच इंडेक्स दिला की अख्खा नकाशा हातात.

आता नमपाय मोजतं शून्यापासून, आपल्या बिल्डिंगच्या तळमजल्यासारखं, म्हणून २६ तारीख म्हणजे इंडेक्स २५. पण थांब, सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर २६ च्या सकाळी साडेआठपासून २७ च्या साडेआठपर्यंतचे आहेत, त्यामुळे काही फायलींत तो पाऊस २७ तारखेला लावलेला असतो, तेव्हा इंडेक्स २५ आणि २६ दोन्ही काढून बघ.

आणि त्या एका दिवसाच्या स्लाइसमध्ये, म्हणजे ॲरेतून काढलेल्या तुकड्यात, आकडे बदलणार असशील तर आधी कॉपी घे, स्लाइस म्हणजे मूळ डेटाच असतो. माझ्याकडून एकदा महिन्यातला एकच दिवस सेंटिमीटरमध्ये गेला, बाकी ३० मिलिमीटरमध्येच, आणि मी दोन दिवस त्याचं हवामानातलं कारण शोधत बसलो होतो.