विहिरीत पोहणाऱ्या बाई आणि विमानतळावरचा तलाव

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षिका, वय ६३. गुहागरजवळ आमची वाडी आहे. पुढल्या महिन्यात लेकीकडे मेलबर्नला एकटीच निघाले आहे. मुंबई-सिंगापूर-मेलबर्न असं एकच तिकीट, मध्ये सात तासांचा थांबा. सिंगापूरच्या विमानतळावर पोहायचा तलाव आहे, असं लेक सांगते. माझं तिकीट साधंच. आमच्यासारख्यांना आत घेतात का? आमचे हे म्हणतात, "या वयात नसते चाळे!" मी लहानपणी पाठीला भोपळा बांधून विहिरीत शिकले आणि अजूनही साडी खोचून पोहते. तिथे चालेल का?

उत्तर : बाई, पोहता येतं, पण साडीत नाही. ते आधीच सांगून टाकते, कारण तुमची खरी अडचण तिकिटाची नाहीच.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर टर्मिनल १ मध्ये एरोटेल नावाचं हॉटेल आहे, त्याच्या गच्चीवर उघड्यावर तलाव आहे. तिथे खोली घेतली नसली तरी पैसे भरून नुसतं पोहायला जाता येतं. बिझनेस क्लास लागत नाही. दर आणि वेळा बदलतात, तेवढं लेकीला आदल्या दिवशी बघायला सांगा. हे सगळं इमिग्रेशनच्या आतल्या बाजूला आहे, म्हणून व्हिसाही लागत नाही. तुमचं विमान टर्मिनल २ किंवा ३ ला लागलं तर फुकटची स्कायट्रेन आहे. फक्त 'अरायव्हल'च्या पाटीमागे लोंढ्याबरोबर चालू लागू नका, 'ट्रान्सफर'ची पाटी धरा. विमानतळाला जोडलेल्या ज्युएल मॉलमधला तो ४० मीटरचा धबधबा इमिग्रेशनच्या बाहेरच्या बाजूला आहे. आपल्या पासपोर्टला त्यासाठी एरवी व्हिसा लागतो, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा असलेल्यांना काही अटींवर सूट मिळते खरी, पण तुम्ही त्या मोहात पडू नका.

आता कपडे. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याखालपर्यंत येणारा लायक्राचा पोहण्याचा पोशाख मिळतो. चिपळूणला नाही मिळाला तर लेकीच्या मैत्रिणीकडून ऑनलाइन मागवून घ्या. तो हँडबॅगेत ठेवायचा, मोठी बॅग तर मुंबईलाच तुमच्या हातून जाते आणि थेट मेलबर्नला भेटते. सोबत टोपी, एक सुती परकर-झंपर किंवा पंजाबी ड्रेस, आणि ओलं घालायला दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या. खोबरेल तेलाची बाटली घ्याल, माहीत आहे मला! १०० मिलीपेक्षा मोठी बाटली तपासणीत काढून घेतात, अर्धी भरलेली असली तरी. बाटलीवर छापलेला आकडा बघतात.

सात तास ऐकायला खूप वाटतात. उतरणं, वाट शोधणं, पुढचं गेट गाठणं यात दोन-अडीच तास जातातच. तास-दीड तास पाण्याला ठेवा, मग अंघोळ, मग खाणं. माझ्या मते त्यातली अंघोळच सगळ्यांत मोलाची. मुंबईहून साडेपाच तास बसून आल्यावर आणि पुढे साडेसात तास बसायचं असताना पाय हलवून घेणं आणि स्वच्छ कपडे, याहून मोठी चैन नाही. तलाव म्हणजे वर घातलेलं ओलं खोबरं. तीन-चार तासांचाच थांबा असता, तर मी तुम्हाला नुसत्या शॉवरवर पाठवलं असतं.

तिथे गरम पाण्याची जकुझीही असते. रक्तदाबाच्या गोळ्या घेत असाल तर पाच-सात मिनिटांवर बसू नका आणि सावकाश उठा. गरम पाण्यात दाब उतरतो, चक्कर येते.

पुढच्या वेळी युरोपला दोहामार्गे गेलात, तर हमद विमानतळाच्या आत २५ मीटरचा तलाव आहे, तोही पैसे भरून. मुंबईच्या टी-२ मध्ये मात्र असलं काही शोधू नका. तिथल्या लाउंजमध्ये खाणं, आरामखुर्ची, फार तर शॉवर, बस्स.

यजमानांना म्हणावं, रहाटाच्या विहिरीत सूर मारणारीला स्वच्छ पाण्याची कसली भीती घालता? फक्त उतरल्याबरोबर घड्याळ अडीच तास पुढे करा. चांगीत सामानाची तपासणी बहुतेक ठिकाणी अगदी गेटपाशी होते, तिथे रांग लागते. केस ओले राहिले तर राहू द्या, विमान सुटायच्या तासभर आधी गेटवर हजर असा.