म्यानमारमधला 'उठाव' नक्की कुणाचा?

प्रश्न असा आलाय की 1988 साली ब्रह्मदेशात लष्करी राजवटीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले त्याला मराठीत काय म्हणायचं, उठाव, बंड की क्रांती?

माझं मत उठाव, पण नुसता नको, जनउठाव लिहा. कारण आपल्याकडे लष्कराने सत्ता घेतली तरी 'लष्करी उठाव' छापतात आणि हेडिंगमध्ये जागा कमी पडली की त्यातलं लष्करी गळतं, मग गोळ्या झाडणाऱ्यांचाही उठाव आणि छातीवर झेलणाऱ्यांचाही उठावच, हे मला फार खटकतं. 1988 ला तर दोन्ही दीड महिन्याच्या आत घडलं, 8 ऑगस्टला रंगूनमध्ये विद्यार्थी, भिक्खू, कामगार सगळे बाहेर पडले आणि 18 सप्टेंबरला जनरल सॉ माँगने सत्ता हातात घेऊन ते चिरडलं. मृतांचा अंदाज साधारण 3000 सांगतात.

बंड म्हटलं की वरच्याचा हक्क मोडला असा ठपका येतो, 1857 वरून आपण यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडलोय. जनरल ने विनने 1962 ला पंतप्रधान ऊ नूचं निवडून आलेलं सरकार पाडलं त्याला एकवेळ बंड म्हणा, पण सॉ माँगचं बंड कुणाविरुद्ध, सरकार आधीपासून लष्कराच्याच पक्षाचं होतं! आणि क्रांती तर ने विननेच पळवली होती, 1962 च्या त्याच्या सत्ताधारी मंडळाचं नावच क्रांतिकारी परिषद.

तिथले लोक स्वतः 'शित ले लोन अयेदॉबोन' म्हणतात. शित ले लोन म्हणजे चार आठ, तारीख 8-8-88 म्हणून. अयेदॉबोन हा जुना भारदस्त शब्द, राजांच्या पराक्रमाच्या बखरींच्या नावात येतो, 1938 च्या इंग्रजांविरुद्धच्या लढ्यालाही तोच वापरतात. लष्करी सरकार मात्र 'अयेअखिन' म्हणायचं, म्हणजे गडबड, दंगाधोपा. म्हणून मला 'आंदोलन' पण फिकं वाटतं, त्या लोकांनी जुलैत ने विनला पक्षाध्यक्षपद सोडायला लावलं आणि त्याच्या जागी आलेला सेन ल्विन तर तीन आठवडेही टिकला नाही.

लष्कराबद्दल लिहिताना नाम शोधतच बसू नका, सरळ 'लष्कराने सत्ता बळकावली' लिहा. 1 फेब्रुवारी 2021 ला तेव्हाचा लष्करप्रमुख मिन आँग लाइंगने सत्ता बळकावली, आणि त्यानंतर लोकांनी रात्री भांडी बडवून निषेध केला, मग लाखोंनी रस्त्यावर आले, तो जनउठाव.