जुळवून कोणी घ्यायचं?

प्रिय,

कॉलेजातल्या अडचणीतल्या मुलांचं ऐकून घेणाऱ्या विद्यार्थी-स्वयंसेवकांच्या ट्रेनिंगबद्दलचं तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न शेवटी आहे, पण मला टोचली ती मधलीच एक ओळ: ‘२२ जणांना ट्रेनिंग दिलं, चार महिने झाले, आणि आमच्याकडे बोलायला येतात ते आमच्यासारखेच.’ त्यावर तुझा उपाय असा की समावेशकतेवर एक वेगळं सत्र ठेवावं; अडलंय ते फक्त आधी दिव्यांगत्व, आधी जात की आधी लिंगभाव, यावर.

एकही ठेवू नकोस. पाच सत्रांत ‘नेहमीच्या’ मुलांशी कसं बोलायचं ते शिकवायचं आणि सहाव्यात ‘इतरांशी’, यातून पोरं एवढंच शिकतात की इतर नावाचा कुणी वेगळा प्राणी असतो. असली सत्रं मी वर्षानुवर्षं घेतली, फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी पाच मिळवले. चूक होती, आणि ती कबूल करायला मी फार उशीर लावला. ज्याला त्रास होतोय त्यानेच आपल्या वेळेत, आपल्या मजल्यावर, आपल्या भाषेत यावं, ही अपेक्षा निवडीपासून शेवटच्या फोनपर्यंत सगळीकडे मुरलेली असते. ती एका सत्राने निघत नाही. जुळवून आपण घ्यायचं.

निवडीपासूनच बघ. गूगल फॉर्म, इंग्रजीत मुलाखत, वर ‘एटीकेटी नसावी’ ही अट. म्हणजे नापास झाल्यावर घरी कसं सांगायचं हे ज्याला अनुभवाने माहीत आहे, त्याला दारातच अडवलं. शिक्षकांकडून नावं मागवलीस तर टॉपर मिळतील, नाहीतर स्टेजवर धीटपणे बोलणारे. त्यापेक्षा प्रत्येक तुकडीत कोरी चिठ्ठी फिरव, दोनच प्रश्नांची: अडचण आली तर वर्गात कोणाशी बोलशील? आणि कोणाच्या पोटात गोष्ट राहते? दोन्हीकडे जी नावं येतील त्यांना बोलाव. मागच्या बाकावरची नावं येतील, सेल्फ-फायनान्सच्या वर्गांतली येतील, दुपारी नोकरीला पळणारी येतील. मग त्यांच्या वेळा विचार आणि वेळापत्रक त्यानंतर आख. संध्याकाळी साडेचार ते सात ठेवलंस तर कसारा-कर्जतकडची, विरारकडची पोरं दुसऱ्या आठवड्यापासून गळतात, आणि आपण म्हणतो कमिटमेंट नाही. कमिटमेंट आहे, फास्ट लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. सकाळचं कॉलेज सुटल्यावर ११ ते दीड घे. रमजान त्यात येत असेल तर तेवढे आठवडे पुढे ढकल, उपाशी पोटी भावनांवर बोलायला लावू नकोस.

सलग दोन दिवसांची कार्यशाळा मात्र बंद. आठवड्याला एक, अडीच तासांची, अशी सहा सत्रं. मधल्या आठवड्यात सराव होतो आणि सराव हेच ट्रेनिंग आहे. एका बॅचला २४ पेक्षा जास्त नकोत, आणि तिघातिघांचे गट: एक बोलणारा, एक ऐकणारा, एक नुसता बघणारा. सात मिनिटं संवाद, तीन मिनिटं बघणाऱ्याने काय दिसलं ते सांगायचं, मग जागा बदलायच्या. अर्ध्या तासात तिघांची पाळी होते. बघणाऱ्याला एकच काम दे: ऐकणाऱ्याने पहिला उपाय कितव्या मिनिटाला सुचवला ते घड्याळात बघून लिही. पहिल्या सत्रात बहुतेकांचा पहिल्याच मिनिटात येतो. ‘टेन्शन घेऊ नकोस’ हाही उपायच धर. ‘घरच्यांचा विचार कर’ हा तर मार. आणि कारण विचारणारा ‘का’ सरावातून काढून टाक. ‘का बसला नाहीस पेपरला?’ ही उलटतपासणी होते. ‘पेपरच्या दिवशी काय काय झालं?’ म्हटलं की माणूस सांगू लागतो.

आता भाषा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ट्रेनिंगची बहुतेक पुस्तकं इंग्रजीतून येतात आणि आपल्या भाषेतले खड्डे त्यांना ठाऊक नसतात. मराठीत तोंड उघडलं की समोरच्याचं लिंग ठरवून मोकळं व्हावं लागतं. ‘कधी आलास?’ ‘कशी आहेस?’ ज्याच्या रजिस्टरवरच्या नावात आणि स्वतःच्या ओळखीत अंतर आहे, त्याचं बोलणं तिथेच संपतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली नाल्सा खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. आपली हजेरी अजून जुन्याच नावाने पुकारली जाते. म्हणून पहिला प्रश्न: ‘तुला काय म्हणून हाक मारू?’ उत्तर येईपर्यंत क्रियापद जपून. ‘येणं कधी झालं?’ ‘जेवण झालं का?’ ‘तू सांगितलंस’, ‘तुला वाटतं’, ‘तू ये’, ‘तू बघशील’ यांत काहीच ठरत नाही. दहा मिनिटं असं बोलायचा खेळ घे, पोरं हसतील, अडखळतील, तिसऱ्या दिवशी जमेल. हे पत्र तपासून बघ, तुझ्या बाबतीत मी ते पाळलंय. तसंच ‘गर्लफ्रेंडशी भांडण झालं का?’ नको, ‘जवळच्या कोणाशी काही झालं का?’ पुरे.

दुसरा खड्डा आडनावाचा. ‘पूर्ण नाव काय? गाव कुठलं?’ आपल्याकडे हा जिव्हाळ्याचा प्रश्न समजतात, आणि तो जातीचा प्रश्न आहे हे विचारणाऱ्याला कळत नसलं तरी ऐकणाऱ्याला नेमकं कळतं. ‘सीईटीला किती होते?’ हाही तोच प्रश्न, शर्ट बदललेला. पहिल्या भेटीत हे काहीच लागत नाही. ज्याला सांगायचंय तो सांगेल, आणि सांगितल्यावर ‘आमच्यात असलं कोणी मानत नाही’ असं म्हणणाऱ्या स्वयंसेवकाला पुन्हा पहिल्या सत्राला बसव. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाशी इंग्रजीत सुरुवात करून मग ‘मराठीत बोल ना, चालेल’ म्हणणं हेही असंच. चालेल म्हणणारे आपण कोण? सुरुवात मराठीत किंवा हिंदीत कर, त्याला इंग्रजी हवं असेल तर तो वळेल. जुळवून आपण घ्यायचं म्हणते ते हे.

खोलीचं थोडक्यात. तळमजला, स्टाफरूमच्या शेजारी नको, दारावर ‘समुपदेशन’ अशी पाटी नको. दार मोकळं ९० सेंटिमीटर उघडतं का ते टेपने मोज. रॅम्पचा चढ एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. आपल्या जुन्या इमारतींत फळी टाकून केलेला रॅम्प म्हणजे घसरगुंडी असते. खिडकीकडे पाठ करून बसू नये, ओठ वाचणाऱ्याला चेहरा काळा दिसतो. आणि माहितीपत्रक! तू जोडलेलं पत्रक जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलंय. तुझ्या स्क्रीनवर ते सुबक दिसतं, पण अंध विद्यार्थ्याचा स्क्रीनरीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, त्या फॉन्टमागची इंग्रजी अक्षरं वाचतो, म्हणजे निव्वळ बडबड. छापून त्याचा फोटो काढून पीडीएफ केलीस तर तेवढीही नाही. युनिकोडमध्ये टाइप कर, एनव्हीडीए नावाचा स्क्रीनरीडर फुकट मिळतो, तो लावून डोळे मिटून पत्रक ऐक.

स्वयंसेवकाला कायदा पाठ नको, पण कोणतं दार कशासाठी हे हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजारही येतो. लेखनिक किंवा तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळू शकतो, तो अर्ज परीक्षेच्या आदल्या दिवशी होत नाही. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांत. स्वयंसेवकाने चौकशी करायची नाही, ‘खरंच असं झालं का’ विचारायचं नाही, मुदत सांगायची.

गुप्ततेची हद्द पहिल्याच मिनिटात सांगायची, रडू आल्यावर नाही. ‘आपलं बोलणं माझ्यापाशी राहील. पण तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा अठरा वर्षांखालच्या कोणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर मला पुढे सांगावं लागेल, आणि ते तुला सांगून करेन.’ मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सगळ्यांना लागू आहे, न कळवणं हा गुन्हा आहे; आणि मुंबईत अकरावी-बारावी बहुधा त्याच इमारतीत असते, एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, बसलेलं मूलही सतरा वर्षांचं असू शकतं. हे आधी न सांगता नंतर पुढे कळवलंस तर तो विश्वासघात, आणि बातमी कट्ट्यावर पसरते.

नोंदवहीत नावं नकोत: तारीख, किती वेळ, कोणत्या प्रकारची अडचण, पुढे कुठे पाठवलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीच नको. ‘नाव न घेता सांगतो, टीवायची आहे, बदलापूरहून येते, हजेरीच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये होती’ यात नाव घ्यायचं राहिलंय काय?

मरणाबद्दल सरळ विचारायला शिकव. ‘काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?’ या प्रश्नातच ‘नाही’ हे उत्तर भरलेलं आहे. ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असं विचारायचं. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. हे वाक्य प्रत्येकाने सरावात वीसदा मोठ्याने म्हणायचं, कारण ऐन वेळी जीभ अडते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, समन्वयक शिक्षकांना त्याच क्षणी फोन.

आणि नंबर हातात देऊन मोकळं होणं बंद. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. पण ज्याला अंघोळ करायचीही ताकद नाही त्याने तो आपणहून फिरवावा? शेजारी बस, फोन लाव, पहिलं वाक्य हवं तर तू बोल. केईएम, नायर, सायनच्या मानसोपचार ओपीडीला जायचं तर आदल्या दिवशी चौकशी कर, सकाळी बरोबर जा, केसपेपरच्या रांगेत तू उभं राहा आणि त्याला बाकावर बसू दे. कॉलेजच्या समुपदेशकाकडे पाठवायचं तरी दारापर्यंत जायचं आणि दोघांची ओळख करून द्यायची. लोक म्हणतात, हे फार होतं, मुलं परावलंबी होतात. म्हणू देत. मी यावर हटणार नाही. रांगेत उभं राहण्याने कोणी परावलंबी झालेलं नाही; रांग बघून परत फिरलेले मात्र पुष्कळ.

यातून तुझी पोरं थकतील, म्हणून एकाकडे एका वेळी दोनच जण, भेट ४५ मिनिटांची, रात्री दहानंतर फोन समन्वयकाकडे, स्वतःच्या परीक्षेच्या महिन्यात सुट्टी, आणि आठवड्यातून एक तास सगळ्यांनी शिक्षकांबरोबर बसायचं. तो तास रद्द झाला की पुढच्या सत्रात निम्मे गळतात, कारण विचारलं तर ‘सबमिशन’ सांगतात.

पुढच्या बॅचचं वेळापत्रक पाठव, चिठ्ठ्यांतून काय निघालं तेही कळव. आणि पत्रकाचा नवा मसुदा मेलमध्येच टाइप करून पाठव, फोटो काढून नको.

तुझी,
ताई