कुत्र्याला घेऊन नदीकाठानं एका दिवसात १५ किलोमीटर चालता येईल का?

तुम्ही लिहिलंय की कुत्रा चार वर्षांचा आहे, रोज दोन वेळा मिळून तीनेक किलोमीटर फिरतो आणि नदीवर न्यायचं म्हटलं की वेडा होतो.

जाईल की. पण परत येईल का ते बघा. नदीकाठची वाट गोल फिरून घरी येत नाही. जेवढं पुढं गेलात तेवढंच मागं यायचं. म्हणून परत फिरायचं ते कुत्रा अजून पुढं ओढत असतानाच, तो दमल्यावर नाही. दमलाय हे तो सांगतच नाही, तुम्ही चालताय तोवर तोही चालतो. शिवाय मोकळा सोडलेला कुत्रा पुढं पळतो, मागं येतो, काठ उतरतो, चढतो. तुमच्या मोबाइलवर आठ किलोमीटर दिसले तरी त्याचे बरेच जास्त झालेले असतात.

माझी भुरी २२ किलोची. पहिल्या मोठ्या फेरीला जाताना ती सारखी पाण्यात शिरत होती, बाहेर येऊन गोट्यांवरून उड्या मारत होती, मी कौतुकानं बघत होतो. परतीचे दोनेक किलोमीटर उरले आणि तिनं बसकण मारली. मला वाटलं नखरे. पट्टा ओढला, ती उठली, दहा पावलं टाकून पुन्हा बसली आणि पुढचा डावा पंजा चाटायला लागली. पंजा उलटा करून पाहिला तर मधल्या मोठ्या गादीचं काळं जाड कातडं एका कडेनं सुटून लोंबत होतं, आत गुलाबी ओलं मांस आणि त्यात वाळूचे कण. जवळच्या बाटलीतल्या पाण्यानं धुतलं, माझा पायमोजा चढवून वरून रुमाल बांधला आणि तिला खांद्यावर घेतलं. २२ किलो पहिली पाच मिनिटं काहीच वाटत नाहीत.

झालं होतं असं, की पाण्यात भिजून पंजाच्या गाद्या मऊ पडतात आणि मग खडबडीत गोट्यांवर त्या सोलवटतात. कोरड्या पायांनी बहुधा तेवढंच अंतर ती आरामात आली असती. आता मी तिला पाण्यात खेळू देतो ते परतीच्या शेवटच्या टप्प्यात, आणि अर्ध्या-पाऊण तासानं चारही पंजे उलटे करून बघतो. तिला ते अजिबात आवडत नाही.

तुमच्यासाठी म्हणायचं तर तीनवरून थेट पंधरावर जाऊ नका. आठवड्याला एक मोठी फेरी ठेवा: पाच, मग सात, मग नऊ. दीड-दोन महिने लागतील, लागू देत. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातीचा असेल तर पंधराचा नाद सोडा.

ऊन हा दुसरा शत्रू. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांना, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. त्याचं नेहमीचं तापमानच ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं, ४१च्या वर गेलं की जिवावर बेततं. धाप थांबेना, लाळ चिकट झाली, चाल अडखळली, की सावलीत न्या आणि अंगावर सरळ पाणी ओता, मग डॉक्टरकडे पळा. आधी गाडी शोधत बसू नका. वाटेत डांबरी रस्ता असेल तर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही.

समोर नदी आहे म्हणून पाणी न्यायचं टाळू नका. साचलेल्या डबक्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे, जंतू असू शकतात, आणि तो आजार माणसालाही होतो. लस मिळते, दरवर्षी द्यावी लागते. कडेला हिरव्या रंगासारखा तवंग दिसला तर पट्टा आखडा. त्यातली काही शेवाळं इतकी विषारी असतात की कुत्रा काही तासांत जातो. आणि पाण्यात काठी फेकायचा खेळ तासभर चालवू नका, दर वेळी तो काठीबरोबर पाणीही गिळतो. फार पाणी गेलं की रक्तातलं मीठ उतरतं, मग उलट्या आणि झोकांड्या.

मासे पकडणारे बसतात तिथं त्याला जवळ धरा. आमिषासकट गळ गिळला तर दोरा ओढायचा नाही, कापायचाही नाही, तो तसाच गळ्यातल्या पट्ट्याला बांधून कुत्र्याला डॉक्टरकडे न्यायचं.

आणि प्रवाहात वाहून जायला लागला तर मागोमाग उडी टाकू नका. हे मी भुरीवर जीव असूनही लिहितोय. पुष्कळदा कुत्रा खाली कुठंतरी काठाला लागतो, बुडतो तो माणूस. काठानं पळत हाका मारत राहा. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तर त्याला मोकळा सोडूच नका.

घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यात आणि कानांच्या आत गोचीड चाचपा. मोठ्या अंगाचा असेल तर आल्या आल्या पोटभर खायला घालू नका, तासभर जाऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कसा उठतो ते बघा. पाय ताणत, कण्हत उठला तर पुढच्या आठवड्याची फेरी दोन किलोमीटरनं कमी करा.