जड आलिशान सेडानचे टायर आणि ब्रेक लवकर झिजण्याला वजनच कारणीभूत असते का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. गाडी सुमारे २,१०० किलोची, एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असलेली आलिशान सेडान आहे; पुढे २४५/४५ आर १९ आणि मागे २७५/४० आर १९ मापाचे टायर आहेत. अवघ्या २४,००० किलोमीटरमध्ये मागचे दोन्ही टायर आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत खाल्ले गेले, पण बाहेरच्या कडेला अजून ५ मिलिमीटर नक्षी शिल्लक आहे. मागचे ब्रेक पॅड पुढच्यांच्या आधी संपले आणि वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते. या तिन्ही तक्रारींवर वर्कशॉपने 'गाडी जड आहे, असे होणारच' एवढेच उत्तर दिले, आणि ते खरे आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

अशीच एक गाडी मी जुनी विकत घेऊन नऊ वर्षे वापरली आणि हेच वाक्य ऐकून टायरचे दोन जोड वाया घालवले, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो. वजनामुळे झीज लवकर होते हे खरे आहे; पण ती एकाच कडेला, एकाच चाकाला किंवा एकाच पॅडला का होते, याचे उत्तर वजनात सापडत नाही. चारही टायर सपाट आणि सारखे झिजून लवकर संपले असते, तर तुमच्या वर्कशॉपचे म्हणणे मी मान्य केले असते.

आधी वजनाच्या वाट्याला जे येते ते त्याला देऊन टाकू. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी २,१०० किलोची गाडी थांबवताना सुमारे ८१० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत रूपांतरित करावी लागते. १,०५० किलोच्या छोट्या गाडीत ती याच्या निम्मी असते. हीच जड गाडी ताशी १४० वर असेल तर हा आकडा जवळजवळ १,६०० होतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे ४० किलोमीटरचा जादा वेग ब्रेकना जवळपास एका दुसऱ्या गाडीएवढाच महाग पडतो. घाटात तर हिशेब आणखी बोलका आहे. ५०० मीटर उंचीवरून ही गाडी केवळ ब्रेकच्या भरवशावर खाली आणली, तर ताशी १०० वरून साधारण १२ ते १३ वेळा पूर्ण थांबण्याएवढी उष्णता डिस्कमध्ये जाते. म्हणून उतारावर गिअर खाली घेऊन इंजिनाला गाडी अडवू द्यावी. स्वयंचलित गिअरबॉक्स आहे म्हणून ते करायचे नसते, हा एक गैरसमज आहे.

मात्र हे वजन गाडी बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. म्हणूनच या गाड्यांच्या डिस्क मोठ्या आणि आतून हवा खेळणाऱ्या असतात, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे) रुंद असतात आणि टायर २७५ मिलिमीटरचे असतात. वजनाची बरीचशी भरपाई अशी आधीच केलेली असते, आणि ती केल्यानंतरही एखादा भाग तिरका झिजत असेल तर काहीतरी जागेवरून हलले आहे असे समजावे.

आता मागच्या टायरकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा तिथेच आहे. वेगात वळताना स्थैर्य राहावे म्हणून अशा सेडानची मागची चाके मुळातच किंचित आत कललेली ठेवतात, म्हणजे वरची बाजू आत आणि खालची बाहेर. याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. केवळ कॅम्बरमुळे टायर आतून थोडा जास्त झिजतो, पण २४,००० किलोमीटरमध्ये तारा दिसण्याइतका सहसा झिजत नाही. खरे नुकसान करतो तो टो, म्हणजे वरून पाहिले असता चाक सरळ दिशेपासून किती वळलेले आहे ते माप. टो केवळ ०.१ अंशाने चुकलेला असेल, तर हिशेबापुरते असे म्हणता येईल की चाक प्रत्येक किलोमीटरमागे पावणेदोन मीटर आडवे फरफटत जाते. २०,००० किलोमीटरमध्ये ही फरफट ३५ किलोमीटर होते. आणि चाक आत कललेले असल्यामुळे ती सगळी आतल्या कडेवर पडते. कॅम्बर जागा ठरवतो आणि टो तिथे कानस चालवतो, असे एका जुन्या मेकॅनिकने मला सांगितले होते. याहून नेमके वर्णन मी नंतर कुठे ऐकले नाही.

टो कशामुळे चुकतो, याची उत्तरे तुमच्या गाडीपुरती मुख्यतः दोन आहेत. पहिले, मागच्या सस्पेन्शनमधील आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे, रबरी बुश. ते फाटले किंवा सैल झाले की गाडी उभी असताना मोजमाप बरोबर येते, पण धावताना आणि ब्रेक लावताना चाक आपली दिशा बदलते. त्यामुळे अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन मोजून जुळवण्याच्या) कागदावर सगळे आकडे हिरवे दिसत असूनही टायर खाल्ला जातो. यासाठी मोजणीपूर्वी गाडी लिफ्टवर घेऊन प्रत्येक आर्म पहारीने हलवून पाहायला सांगा.

दुसरे कारण एअर सस्पेन्शनची उंची. गाडी ठरलेल्या उंचीपेक्षा खाली बसली की या रचनेत चाके आणखी आत कलतात आणि टोही बदलतो. उंची मोजणाऱ्या सेन्सरचा दांडा वाकलेला असेल, किंवा दुरुस्तीनंतर उंचीचे कॅलिब्रेशन केले नसेल, तर १५ ते २० मिलिमीटरचा फरक डोळ्यांना सहज जाणवत नाही. माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते. एका वर्कशॉपने मागची एक एअर बॅग बदलली, उंची पुन्हा बसवली नाही, आणि पुढच्या दोन वर्षांत मी दोनदा टायर बदलले व चार वेळा अलाइनमेंट केली. चारही वेळा मोजणी चुकीच्या उंचीवर झाली. पाचव्या ठिकाणच्या माणसाने सर्वांत आधी टेप काढून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले, तेव्हा उलगडा झाला. म्हणून तुम्हीही अलाइनमेंटच्या आधी उंचीची चारही मापे कागदावर लिहून मागा. काही उत्पादक तर आसनांवर आणि डिकीत ठराविक वजन ठेवूनच मोजणी करायला सांगतात. तुमच्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत तशी सूचना असेल तर ती टाळू देऊ नका.

पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकण्याचा सल्लाही तुम्हाला कुणी दिला आहे. तुमच्या गाडीत तो निरुपयोगी आहे, कारण पुढची आणि मागची मापे वेगळी आहेत. नक्षी एकाच दिशेने फिरणारी नसेल तर डावा-उजवा बदल करता येतो, पण आतली-बाहेरची बाजू ठरलेल्या टायरमध्ये त्यामुळे आतली कड आतच राहते; कारण दुरुस्त केल्याशिवाय काहीच साधत नाही.

नवे टायर घेताना मापाइतकेच पुढचे आकडेही वाचावेत. भारांक १०२ म्हणजे एका टायरवर ८५० किलो आणि १०५ म्हणजे ९२५ किलो. पाच माणसे व सामान घेतल्यावर तुमच्या गाडीच्या मागच्या चाकांवर बराच भार येतो, त्यामुळे माप तेच पण भारांक कमी असलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. बाजूच्या भिंतीवर चार अंकी तारीखही असते. २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३वा आठवडा. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळणारी गाडी असेल, तर नव्या-जुन्या टायरच्या घेरातील फरक किती चालतो हे पुस्तिकेत पाहावे.

हवेबद्दल थोडक्यात. दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीत बहुधा दोन आकडे असतात, एक थोड्या भारासाठी आणि एक पूर्ण भारासाठी, आणि दोन्ही थंड टायरचे असतात. हवा कमी असेल तर टायर दोन्ही कडांनी झिजतो, जास्त असेल तर मधोमध. तुमची झीज एकाच कडेची असल्यामुळे हवेला मी मुख्य आरोपी मानत नाही. तरीही डॅशबोर्डवरील इशाऱ्यावर विसंबू नये. तो सहसा हवा बरीच उतरल्यावर, काही व्यवस्थांमध्ये तर २० ते २५ टक्के उतरल्यावर येतो.

चालवण्याच्या सवयीचा वाटा मात्र लोक समजतात त्यापेक्षा मोठा आहे. वळणावर टायरवर पडणारे आडवे बल वेगाच्या वर्गाने वाढते आणि घासण्याचे काम साधारणपणे त्या बलाच्या वर्गाने; म्हणजे एकूण वेगाच्या चौथ्या घाताने. तेच वळण २० टक्के जास्त वेगाने घेतले तर तिथली झीज जवळपास दुप्पट होते. या गाड्या आतून इतक्या शांत आणि स्थिर असतात की आपण वळण किती वेगाने घेतो आहोत हे आसनावर बसलेल्याला कळतच नाही. टायरला ते कळत असते.

मागचे पॅड आधी संपण्याबाबत मी तुम्हाला थोडा धीर देईन. थांबताना भार पुढे सरकतो, त्यामुळे जोराच्या ब्रेकमध्ये पुढची चाके बहुतांश काम करतात आणि पूर्वी पुढचे पॅड आधी संपणे हाच नियम होता. आता हलक्या ब्रेकमध्ये इलेक्ट्रॉनिक वाटप मागच्या चाकांना बराच वाटा देते, म्हणजे गाडीचे नाक खाली दबत नाही. शिवाय समोरच्या वाहनापासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल आणि चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणा मागचे ब्रेक तुमच्या नकळत वापरत असतात. अनेक गाड्यांत मागचे पॅड मुळातच पातळ असतात. त्यामुळे मागचे आधी संपले एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही.

दोष ओळखायचा तर जुने चारही पॅड टेबलावर शेजारीशेजारी ठेवून पाहावे लागतात. एकाच चाकाचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा २-३ मिलिमीटर जास्त झिजला असेल, तर कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या आहेत किंवा पिस्टन मागे येत नाही. डावी बाजू उजवीपेक्षा जास्त झिजली असेल तर त्या बाजूचा कॅलिपर किंवा त्याची रबरी नळी तपासावी. टेबलावर ठेवायला पॅड शिल्लक नसतील, तर नेहमीच्या फेरीनंतर दोन्ही मागच्या डिस्कचे तापमान दुरून मोजणाऱ्या थर्मामीटरने पाहावे. ते सारखे असले पाहिजे. पॅडचा सेन्सर अनेक गाड्यांत प्रत्येक जोडीतल्या एकाच चाकावर असतो, त्यामुळे दुसऱ्या चाकाचा पॅड लोखंडापर्यंत गेला तरी दिवा पेटत नाही, हेही लक्षात असू द्या. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर पॅड बदलताना तो संगणकाने सर्व्हिस स्थितीत घ्यावा लागतो. पिस्टन जबरदस्तीने दाबणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका.

राहिली स्टिअरिंगची थरथर. 'डिस्क वाकली' असे सर्रास म्हटले जाते, पण बहुतेक वेळा डिस्कच्या जाडीत एका फेऱ्यात पडलेला काही शतांश मिलिमीटरचा फरक पुरेसा असतो. तो दोन वाटांनी येतो. डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने आवळतात त्या मधल्या भागावर, बसते त्या जागी गंज राहिला तर डिस्क किंचित डुलते आणि काही हजार किलोमीटरमध्ये एका जागी पातळ होते. किंवा डिस्क तापलेली असताना गाडी उभी करून पेडल घट्ट दाबून ठेवले, तर पॅडचा थर एका जागी चिकटतो. मी एकदा पुढच्या दोन्ही डिस्क बदलल्या आणि ६,००० किलोमीटरमध्ये थरथर परत आली, कारण हबचा गंज कुणी घासलाच नव्हता आणि चाकाचे बोल्ट हवेच्या गनने वाटेल तसे आवळले होते. म्हणून डिस्क बदलण्याआधी हब साफ करून डायल गेजने डुलणे मोजायला सांगा आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळून घ्या. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. लेथवर टर्न केल्यानंतर ती त्याखाली जाणार असेल तर टर्न करू नये. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर तेही याच वेळी बदला, कारण ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ वर येते.

आता क्रम. नवे टायर लगेच बसवू नका असे मी म्हणणार नाही, कारण तारा दिसणारा टायर वेगात फुटू शकतो आणि त्यावर एक दिवसही गाडी चालवणे धोक्याचे आहे. पण टायर बसवण्याच्याच दिवशी आर्मचे बुश तपासणे, एअर सस्पेन्शनची उंची मोजून बसवणे आणि त्यानंतर चारही चाकांची अलाइनमेंट, याच क्रमाने कामे करून घ्या आणि आधीचे व नंतरचे आकडे छापून मागा. मग १,००० किलोमीटरनंतर मागच्या दोन्ही टायरची खोली आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजा. आतल्या कडेला अर्धा मिलिमीटर जरी जास्त गेला असेल, तर तो कागद घेऊन त्याच वर्कशॉपमध्ये परत जा.